टिटवीची जागल

“तू ओरडलीस म्हणूनच लांडगा आला!” हरिणी खूर आपटत म्हणाली.

“लांडगा आला म्हणून मी ओरडले,” टिटवी म्हणाली. “आधी काय नि मागून काय, एवढं तरी धड लाव, पोरी.”

“बघा, बघा! करून सवरून वर तोंड करून बोलते!” बोरीवरून कावळा ओरडला.

“तू गप रे. तुला विचारलं की सांग.”

पोरांनो, भांडण असं ऐन रंगात आलं होतं. सगळा माळ तळ्याकाठी गोळा झाला होता. ससे होते, हरणं होती, तितर होते, काटे फुलवून बसलेली साळिंदरं होती, आणि मधोमध उंच मानेचा म्हातारा माळढोक न्याय करायला उभा होता. ज्या टिटवीवर हे सगळे तुटून पडले होते ती असेल कोंबडीच्या निम्मी. पिवळ्या काडीसारखे दोन पाय आणि मोठा आवाज, एवढीच तिची दौलत. त्याच माळावर, तळ्याकाठच्या गोट्यांत ती राहत असे, आणि तिथूनच तिने जागल चालवली होती.

जागल म्हणजे राखण. शेतात पीक उभं असलं की माणसं जशी मचाणावर बसून जागल करतात, तशी टिटव्या साऱ्या माळाची करत. पाच जोड्या टिटव्यांच्या, दोन कुटुंबं तितरांची, असं त्यांचं मंडळ होतं. लांडगा दिसला की एक हाक, ससाणा दिसला की दुसरी, आणि कोल्ह्यासाठी एक बारीक, चिडकी, कान किटवणारी तिसरी. हाक आली की ससे बिळात, हरणं उधळून पार पलीकडच्या टेकाडावर. जागलीचा नियम एकच होता. हाक देणाऱ्याने जागा सोडायची नाही. जो कुणी येऊन विचारील, “कुठं पाहिलंस?” त्याला ती जागा दाखवायची. मोडलेलं गवत असेल, चिखलात पाऊल असेल, ते त्याच्या डोळ्यांनी त्याला बघू द्यायचं. ही रीत या म्हाताऱ्या टिटवीनेच घातली होती, आणि ती मोडणाऱ्याला ती चोचीने टोचायला कमी करत नसे.

आता ही जागल सगळ्यांच्या फायद्याची. फक्त एकाच्या नाही. कोल्हा! बिचाऱ्याने कुठेही पंजा टाकला की डोक्यावर “टिटिव् टिटिव् टिटिव्!” तीन वर्षांत त्याला धड सशाचं एक पिल्लू मिळालं नव्हतं. बेडूक आणि टोळ खाऊन त्याची बरगडी वर आली होती. टिटवीला मारावं तर ती उडून जाते. तिच्याशी भांडावं तर ती त्याला बोलण्यात गुंडाळून ठेवते. मग त्याने ठरवलं, हिला हात लावायचाच नाही. हिच्या नावाला लावायचा.

त्याला संधी मिळाली ती हरिणीच्या दुःखातून. एका सकाळी लांडगा आला. टिटवीने हाक दिली. हरिणी उधळली, आणि तिचं आठ दिवसांचं पाडस, आईने शिकवलं होतं तसं, गवतात अंग चोरून निजून राहिलं. वारा लांडग्याकडे वाहत होता. त्याला वास लागला. पुढचं मी सांगत नाही. हरिणी तीन दिवस त्या चेपलेल्या गवतापाशी उभी होती. पाणी प्यायलासुद्धा आली नाही.

कोल्हा अगदी मऊ तोंड करून तिच्याकडे गेला. “ताई, मी काही म्हणत नाही हं,” तो म्हणाला. “पण आपलं मनात आलं. ती ओरडली, आणि लगेच तो आला. असं प्रत्येक वेळी कसं होतं हो?”

झालं. एवढंच बोलून तो निघून गेला. विंचूसुद्धा नांगी मारून तिथे थांबत नाही.

तिथून तो कावळ्याकडे गेला. कावळ्याला काय, चोचीत काही पडलं की सगळ्या माळाला दाखवल्याशिवाय गिळवत नाही. दुपारपर्यंत सशांच्या बिळाबिळांत बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी ती आणखी लठ्ठ झाली : कोल्ह्याने म्हणे डोळ्यांनी पाहिलं. टिटवी बाभळीच्या फांदीवर बसली होती, खाली लांडगा उभा होता, आणि दोघं कुजबुजत होते. तिसऱ्या दिवशी आया पिल्लांना सांगू लागल्या, “टिटवी ओरडली की तोंड फिरवा रे, अपशकुनी आहे ती.”

तितर तर पहिल्या आठवड्यातच जागलीतून सरकले. “आम्हाला कशाला बोल?” म्हणाले. कुणीतरी एका टिटवीच्या घरट्यावर खुरांनी माती उडवली. एके दिवशी ससाणा आला, हाक आली, आणि ससे तोंड फिरवून बसले. एका सशाचा अर्धा कान गेला. आणि बोल कुणाला लागला? टिटवीलाच! “बघा, ओरडली आणि आला!”

जागलीतल्या तरण्या टिटव्या चवताळल्या. “आजी, आपणही उठवू,” एक म्हणाली. “कोल्ह्याला खरूज झालीय, तो तळं बाटवतो, असं सांगू. कावळा आहेच न्यायला.”

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की ती दोन पावलं मागे सरली.

“आपल्याला पंजे आहेत का?” म्हातारी म्हणाली. “दात आहेत? शिंगं आहेत? आपल्यापाशी एकच गोष्ट आहे. आपण ओरडलो की ते खरं असतं. तेवढं एकदा चिखलात टाकलंस की मग रोज बोंबलत बस, कुत्रंसुद्धा कान वर करणार नाही. आणि हे बघ, जे आपल्याला शिव्या देतात त्यांच्यासाठीसुद्धा उद्या हाक द्यायची. चुकायचं नाही.”

तिचा म्हातारा, म्हणजे टिटवा, चार अंड्यांवर बसला होता. तो गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, “अगं, पण ती फांदीची गोष्ट? सांगून टाक ना त्यांना!”

“गप्प बसा हो,” ती म्हणाली. “आज सांगितलं तर उद्या फांदीचा गोटा होईल. ऐकीव गोष्टीला रोज नवी शेपटी फुटते. ती त्याच्या तोंडून येऊ दे, सगळ्यांदेखत, एकदाच. तोवर माझी अंडी सांभाळा.”

तर असे बारा दिवस गेले, आणि तेराव्या सकाळी सगळा माळ तळ्याकाठी जमला. मी सुरुवातीला सांगितलं ते भांडण हेच.

माळढोकाने मान उंच केली. “हे बघ टिटवे, तुझ्यामाझ्यात काही वाकडं नाही. पण सगळ्यांचं म्हणणं असं पडलं, की जागल मोडावी आणि टिटव्यांनी आज दिवस मावळायच्या आत माळ सोडावा.”

सगळे चुळबुळ करू लागले. कारण वीस पावलांवर, गोट्यांमध्ये, म्हातारा टिटवा अंड्यांवर बसलेला सगळ्यांना दिसत होता. अंडी दोन दिवसांत फुटायची होती. टिटवी उडून जाईल, पण अंड्यांना पंख कुठून येणार? कोल्ह्याने एकदा त्या बाजूला पाहिलं, जिभल्या चाटल्या, आणि मग उगाच आभाळाकडे पाहू लागला.

“आणि मागच्या वर्षी?” अर्ध्या कानाचा ससा पुढे येऊन म्हणाला. “तेव्हा लांडगा नसताना ओरडली होतीस ना? सगळा माळ पळवलास!”

“ओरडले होते,” टिटवी म्हणाली. “वाळलेल्या निवडुंगाला लांडगा समजले. माझीच चूक. त्याच दिवशी बिळाबिळाच्या तोंडाशी येऊन सांगितलं होतं, चुकले म्हणून. तुझ्या आईला विचार. ती हसली होती मला.”

सशाची आई खाली बघून म्हणाली, “हो रे. आली होती खरी.”

“म्हणजे जिथं चुकले तिथं मी स्वतः सांगते,” टिटवी म्हणाली. “आता तुमचं ऐका. आबा, जागलीचा नियम माळावर कुणाला ठाऊक नाही? मी लांडग्याचं नाव घेते, तर लांडग्याची जागा दाखवते. आज माझं नाव घेतलंय. ज्यानं घेतलं त्यानं जागा दाखवावी. मला लांडग्याशी बोलताना पाहिलं कुणी?”

“सगळ्यांना ठाऊक आहे!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“ठाऊक सगळ्यांना असेल. पाहिलं कुणी?”

ससा म्हणाला, “मला कावळ्यानं सांगितलं.”

कावळा म्हणाला, “मला कोल्ह्यानं सांगितलं.”

सगळ्यांच्या माना कोल्ह्याकडे वळल्या. कोल्हा गोड हसला. “छे छे, मी कुठं? मी आपलं ऐकलं. लोक म्हणतात…”

“लोक म्हणजे कोण?” टिटवी म्हणाली. “उभा कर त्या लोकाला.”

कोल्हा इकडेतिकडे पाहू लागला. तेवढ्यात कावळाच भडकला. चुगलखोराला एक गोष्ट सहन होत नाही, आपली बातमी कच्ची निघालेली. “वा रे पठ्ठ्या!” तो फांदीवर थयथय नाचत म्हणाला. “म्हणजे मी खोटारडा काय? तूच म्हणालास, डोळ्यांनी पाहिलं! माझ्यासमोर शेपटीची शपथ घेतलीस!”

आता कोल्ह्याची पंचाईत. नाही म्हणावं तर कावळा सोडत नाही, आणि गोष्ट तिथेच मरते. हो म्हणावं तर गोष्ट त्याच्या गळ्यात. पण समोर ती चार अंडी होती, आणि मागे रागावलेला सगळा माळ होता. गर्दी आपल्या बाजूची दिसली की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते.

“बरं, पाहिलं!” कोल्हा छाती काढून म्हणाला. “पाहिलंच! मी आपला भांडण नको म्हणून गप्प होतो. टिटवी म्हणे समुद्र आटवते! पण माझं तोंड नाही बंद करू शकत.”

“मग चल,” टिटवी म्हणाली. “दाखव जागा.”

सगळी वरात निघाली. पुढे कोल्हा, मागे माळढोक, त्यामागे हरणं, ससे, साळिंदरं. टिटवी आपली तुरुतुरु पायी चालत होती. तळ्याच्या उगवतीला एकच जुनी बाभळ होती. तिच्यापाशी कोल्हा थांबला.

“ही फांदी,” तो पंजा वर करून म्हणाला. “इथं बसली होती.”

“नीट बघून सांग,” टिटवी म्हणाली. “खाली जमिनीवर नव्हते?”

“जमिनीवर असतीस तर तुझ्या पायांचे ठसे नसते का उमटले?” कोल्हा म्हणाला. आपल्या हुशारीवर तो स्वतःच खूश झाला. “ठसे उमटू नयेत म्हणूनच तर वर बसलीस! याच फांदीवर. अशी पाय रोवून, फांदी गच्च धरून, आणि मान खाली घालून त्याच्या कानाशी.”

“किती वेळ?”

“चांगला वेळ. तळ्यावर जाऊन पाणी पिऊन यावं इतका.”

“सगळ्यांनी ऐकलं?” टिटवीने विचारलं.

“ऐकलं!” सगळा माळ एका आवाजात म्हणाला.

मग टिटवी हरिणीसमोर जाऊन उभी राहिली, एका पायावर, आणि दुसरा पाय तिच्या नाकापुढे धरला. “पोरी, तुझा माझ्यावर सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून तूच बघ. पुढं बोटं किती?”

“तीन,” हरिणी म्हणाली.

“मागं?”

हरिणीने मान खाली घातली, निरखून पाहिलं. “एक आहे… पण हे तर नखाएवढं. जमिनीलासुद्धा टेकत नाही.”

“कावळ्या, उतर खाली. दाखव तुझा पाय. चल, लाजू नको.”

कावळ्याने पाय पुढे केला. मागचं बोट लांब, मजबूत, आकड्यासारखं वाकलेलं.

“ते बोट फांदीला मागून धरतं, म्हणून कावळा फांदीवर बसतो,” टिटवी म्हणाली. “माझ्याकडे धरायला आहे काय? मी जमिनीवर जन्मले, जमिनीवर अंडी घालते, जमिनीवर झोपते. दहा पावसाळे झाले मी या माळावर आहे. माझी आई होती, तिची आई होती. आमच्यापैकी एकीला तरी कुणी झाडाच्या फांदीवर बसलेली पाहिलीय? एकानं पुढं या.”

 ससे सशांकडे पाहू लागले. रोज डोळ्यांसमोर होतं ते, पोरांनो! रोज टिटवी गोट्यांतून तुरुतुरु पळताना दिसायची. आणि बारा दिवस सगळा माळ तिला फांदीवर बसवत होता. म्हातारा माळढोक हळूच वाकला आणि आपल्याच पायांकडे बघू लागला. त्यालाही मागचं बोट नव्हतं.

“अरेच्चा,” तो म्हणाला. “मीही कधी झाडावर बसलो नाही की रे. माझ्याही लक्षात नाही आलं.”

आधी एक साळिंदर फिस्सकन हसलं, मग दुसरं. मग सशांमध्ये हसू पसरलं. कोल्ह्याची शेपटी खाली आली.

“मग… मग गोट्यावर बसली असेल,” तो घाईघाईने म्हणाला. “लांबून पाहिलं मी. फांदीच्या खालचा तो गोटा…”

“झाला!” ती तरणी टिटवी आनंदाने ओरडली. “आजी, फांदीचा गोटा झाला!”

आणि मग म्हातारी टिटवी कोल्ह्याकडे वळली आणि एकच वाक्य बोलली. ते वाक्य मी शेवटी सांगते.  ते ऐकून कावळ्याने तोंड पंखात घातलं, आणि त्या माळावर त्या भांडणाचा एक शब्दही पुन्हा कुणी काढला नाही.

फक्त हरिणी तशीच उभी होती. “मग माझं पाडस का गेलं?” तिने विचारलं.

टिटवीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “लांडग्याला भूक होती, आणि वारा त्याच्या बाजूचा होता. मी ओरडले, तू पळालीस, ते शहाण्यासारखं निजून राहिलं. कुणी चुकलं नाही, पोरी. पण दुःखाला कुणीतरी दोषी लागतो, आणि यानं तो तुला आयता आणून दिला.”

 हरिणी वळली, चालत तळ्याकाठी गेली, आणि टिटवा बसला होता त्या गोट्यांपाशी, अंड्यांकडे पाठ आणि माळाकडे तोंड करून उभी राहिली. दोन दिवस ती तिथून हलली नाही. कोल्हा गवतातून सरपटत निघाला होता. म्हातारी टिटवी उडाली, त्याच्या डोक्यावर गेली, आणि तिने हाक दिली. कोल्ह्याची, ती बारीक, चिडकी, कान किटवणारी. बारा दिवसांनी पहिल्यांदा त्या हाकेला सगळ्या माळाचे कान उभे राहिले. कोल्हा टेकाडापलीकडे जाईतोवर सगळे बघत होते.

तिसऱ्या दिवशी चारही अंडी फुटली. कापसाच्या बोंडांसारखी चार पिल्लं गोट्यांतून पळू लागली, आणि हरिणी हळूच पाय उचलून टाकू लागली, कुणी खुराखाली येऊ नये म्हणून. तितर परत आले. म्हातारीने त्यांना बोल बोल बोलून घेतलं आणि मग सगळ्यात कडक उन्हातली जागल त्यांच्याकडे दिली. जागलीचा नियम आता जागलीपुरता राहिला नव्हता. चार दिवसांनी कावळा बोरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “ऐकलंत का? ते साळिंदर म्हणे…” आणि तो अर्ध्या कानाचा ससा, चरता चरता मान वर न करता म्हणाला, “जागा दाखव.” कावळ्याने चोच मिटली.

तात्पर्य मी वेगळं कशाला सांगू? बाभळीखाली टिटवी कोल्ह्याला जे बोलली, आणि ज्याच्यापुढे कुणाला काही बोलायचं उरलं नाही, तेच तात्पर्य : “ऐकीव बोलायला जीभ पुरते; पाहिलेलं सांगायचं तर जागा दाखवावी लागते.”